अराबा बेंत्सिल आणि तारलीचं पुस्तक

अराबा बेंत्सिलला मी हसताना फार वेळा पाहिलं नाही. वैतागलेली मात्र रोज पाहिली. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या आमच्या अपाम गावात, प्राथमिक शाळेत ती दुसरीला शिकवायची, मी तिसरीला, आणि आमच्या दोन वर्गांमधली भिंत छपरापर्यंत पोचतच नव्हती. त्यामुळे सव्वीस वर्षं तिचं प्रत्येक वाक्य मी ऐकलं. माझ्या वर्गातल्या मुलांना पाढे येत नसत, पण अराबा मॅडम आज कशावरून चिडल्या हे तोंडपाठ असायचं.

बहुतेक वेळा ती वाचनाच्या पुस्तकावरून चिडलेली असायची. त्या पुस्तकात बर्फ पडायचा. दुसरीतली मुलं विचारायची, बर्फ कसा पडतो? मग दरवर्षी एकदा अराबा बंदरावरच्या मासळीच्या गोदामातून बर्फाचा गोळा फडक्यात गुंडाळून आणायची आणि मुलांच्या हातावर ठेवायची. त्यामुळे आमच्या गावच्या दोन पिढ्यांना ठाऊक आहे की बर्फाला बांगड्याचा वास येतो.

पण खरी गोष्ट सुरू झाली ती चित्रावरून. एका सोमवारी तिनं मुलांना स्वतःचं आणि स्वतःच्या घराचं चित्र काढायला सांगितलं. थोड्या वेळानं भिंतीवरून तिचा आवाज आला.

"मान्सा, हे कोण?"

"मी."

"तू? आणि डोक्यावर हे पिवळं लांबलचक काय आहे?"

"केस."

"हात लाव डोक्याला. लाव ना. काय लागलं?"

"डोकं."

माझा अख्खा वर्ग हसला. आमच्याकडे शाळेतल्या मुलींचे केस बारीक कापलेले असतात, मुलगा कोण आणि मुलगी कोण हे गणवेशावरूनच कळतं.

"आणि तोंडाला हा गुलाबी रंग का?"

"खडूवर लिहिलंय मॅडम, कातडीचा रंग."

"बरं. घरावर हा डबा कसला?"

"धूर जायला."

"तुमच्या घरात धूर कुठून जातो?"

"कुठूनही जातो," मान्सा म्हणाली. "पण पुस्तकातल्या घराला डबा असतो."

मान्साची आई मामे क्वान्सिमा मासळी धुरावर वाळवून विकायची. तिच्या अंगणातल्या चार भट्ट्यांचा धूर शाळेपर्यंत यायचा, इतका की वाऱ्याची दिशा बदलली की आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. आणि तिची मुलगी धुराड्याचं घर काढून बसली होती.

मधल्या सुट्टीत अराबा चित्रांचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे आली. "एकुआ, बघ. एकानं तरी स्वतःला काढलंय का? एकानं तरी?"

"अगं, लहान आहेत. चित्रंच ती. जाऊ दे."

"जाऊ दे म्हणूनच हे असं झालंय," ती म्हणाली, आणि माझ्या डब्यातला अर्धा केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचा उकडलेला गोळा, न विचारता खाऊन निघून गेली.

त्या महिन्याभरात तिनं एक गोष्ट लिहिली. आधी फान्ते भाषेत, म्हणजे आम्ही घरात बोलतो त्या भाषेत, आणि त्याखाली इंग्रजीत. गोष्ट साधी होती. तारलीचा मोठा थवा किनाऱ्याला लागतो, शाळा रिकामी होते, मान्सा आईच्या मदतीला पळत जाते आणि गर्दीत तिची एक चप्पल हरवते. सगळा किनारा, नाखवे, जाळं ओढणारे, मासळीवाल्या, एका चपलेसाठी शोधाशोध करतात. शेवटी चप्पल जाळ्यातच सापडते, माशांबरोबर ओढून आलेली. हे खरंच घडलेलं होतं, त्या वर्षीच. मी वाचून हसले. अराबा म्हणाली, "हसलीस ना? मग छापायला हरकत नाही."

तिला वाटलं होतं की अवघड काम संपलं.

राजधानीत, अक्रामधल्या एका प्रकाशकाकडे ती ट्रो-ट्रोत, म्हणजे आमच्याकडच्या खच्चून भरलेल्या वडापच्या गाडीत, बसून चार वेळा गेली. तिथला सेलॉर्म नावाचा तरुण संपादक फार नम्र होता. नम्र माणसांचा अराबाला विशेष राग यायचा, कारण त्यांच्याशी भांडता येत नाही. पहिल्या खेपेला तो म्हणाला, "मॅडम, गोष्ट छान आहे, पण बोध काय?"

"चप्पल सापडते."

"ते झालं. पण मुलांनी शिकायचं काय?"

"चप्पल नीट घालावी," अराबा म्हणाली.

दुसऱ्या खेपेला त्यानं सांगितलं की फान्ते काढून टाकू, नुसतं इंग्रजी ठेवू. तिसऱ्या खेपेला म्हणाला, पालकांना मासळीची गोष्ट आवडणार नाही. मुलीनं मोठेपणी विमान चालवल्याचं एक पान शेवटी जोडता येईल का? अराबानं विचारलं, विमान कशाला, मामे क्वान्सिमाला काय कमी आहे? तो नम्रपणे हसला. चौथ्या खेपेला मात्र त्यानं आनंदाची बातमी दिली. परदेशातली एक बाई आफ्रिकी मुलांची पुस्तकं काढते, तिला गोष्ट आवडली आहे, चित्रं तीच करून घेणार आहे.

चित्रं आली तेव्हा अराबानं ती शिक्षकांच्या खोलीत टेबलावर मांडली आणि कोणालाच काही बोलू दिलं नाही. मान्साच्या डोक्यावर फुगवलेल्या केसांचे दोन मोठे गोंडे होते, त्यांना फिती. अंगात केंते. केंते म्हणजे आमच्याकडे लग्नाला, राज्याभिषेकाला नेसायचं विणलेलं वस्त्र. ते नेसून ही पोर मासे उचलत होती. मागे ढोल होता. समुद्राच्या काठाला एक हत्ती उभा होता.

"हत्ती का?" आमचे मुख्याध्यापक शेवटी म्हणाले.

"तारली खायला आला असेल," अराबा म्हणाली.

त्या बाईचं नाव डेल्फीन. तिच्या पूर्वजांना कधीकाळी आमच्याच किनाऱ्यावरून बेड्या घालून नेलं होतं, असं तिनं पहिल्या पत्रात लिहिलं होतं, आणि ती अराबाला आन्टी म्हणायची. शुक्रवारी तिचा फोन आला. आम्ही सगळे ऐकत होतो, कारण अराबाला फोनचा आवाज कमी करता येत नसे.

"आन्टी, चित्रं आवडली का?"

"हत्ती काढून टाका. ढोल काढून टाका. अंगात शाळेचा गणवेश हवा, तपकिरी आणि पिवळा. आणि केस कापा."

"केस नाही कापता येणार," डेल्फीन म्हणाली. "बाकीचं बघू. पण केस हा आपला अभिमान आहे आन्टी."

"इथं शाळेत केस कापलेले असतात. तुमचा अभिमान आम्ही सुट्टीत वाढवतो."

मग डेल्फीन हळू आवाजात म्हणाली, "माझी मुलगी सात वर्षांची आहे. तिच्या वर्गात तिच्यासारखे केस असलेली ती एकटी. सगळी मुलं येऊन तिच्या केसांत हात घालतात. मागच्या आठवड्यात ती रडत घरी आली आणि म्हणाली, हे केस सरळ करून दे. मला तिच्या हातात एक पुस्तक द्यायचंय, ज्यात असे केस असलेली मुलगी आहे. एवढंच."

अराबा खुर्चीत बसली.

"तुझं बरोबर आहे," ती म्हणाली. तुम्हीवरून तूवर आली. "मग तू तुझ्या मुलीची गोष्ट लिही. खरंच लिही. ही मान्साची आहे. तिचं डोकं भादरलेलं आहे आणि तिनं ते पिवळं रंगवलंय. तिलाही पुस्तकात आपलं डोकं दिसायला हवं ना?"

ते पुस्तक तिथंच बारगळलं. सेलॉर्मनं एक अतिशय नम्र पत्र पाठवलं.

त्यानंतर अराबा पापा अतोकडे गेली. पापा अतो आमच्या किनाऱ्यावरच्या होड्या रंगवायचा. होडीच्या कडेला मासे, तारे, झेंडे, देवाचं वचन, नाखव्याच्या सासूला मारलेला टोमणा, जे सांगाल ते तो काढायचा. माणसं मात्र त्यानं फारशी काढली नव्हती.

"लहान मुलं काढता येतील?" अराबानं विचारलं.

"लहान मुलं म्हणजे लहान आकाराची मोठी माणसंच की," पापा अतो म्हणाला.

आणि तशीच काढली. पहिल्या कागदावरची मान्सा चाळिशीच्या फुटबॉलपटूसारखी दिसत होती. अराबानं कागद परत केला. दुसऱ्या कागदावर तिला मिशी नव्हती, एवढीच प्रगती. असे नऊ महिने गेले. मंगळवारी आमच्याकडे समुद्रात जात नाहीत, सगळ्या होड्या काठाला असतात, म्हणून मंगळवारी तो होड्या रंगवायचा. बुधवारी होड्या गेल्या की थकायचा. शनिवारी कुणाची तरी अंत्ययात्रा, रविवारी चर्च. अराबा त्याच्या दारात जाऊन बसायची. तो तिला स्टूल द्यायचा, पाणी द्यायचा, तब्येतीची चौकशी करायचा, चित्र तेवढं द्यायचा नाही.

"पापा, माझ्या निवृत्तीच्या आत होईल का?"

"टीचर, घाईत रंगवलेली होडी बुडते."

"कागद बुडत नाही हो."

"पाण्यात टाकून बघ," तो म्हणाला.

एका गोष्टीत मात्र त्यानं तिची बोलती बंद केली. अराबानं त्याला सांगितलं होतं, गुलाबी रंग वापरायचा नाही, तपकिरी वापरा. त्यानं मान हलवली आणि विचारलं, "कुठला तपकिरी?"

"तपकिरी म्हणजे तपकिरी."

"सगळ्यांना एकच? तू आणि ही एकुआ एका रंगाच्या आहात? माझी बायको लालसर, माझा भाऊ तव्यासारखा, नाखवा उन्हानं निळा पडलाय." होड्यांचे रंग एकमेकांत कालवून त्यानं नारळाच्या करवंट्यांमध्ये सात तपकिरी आणि दोन काळे तयार केले होते, आणि प्रत्येक करवंटी कुणाची हे त्याला पाठ होतं. अराबानं करवंट्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि येताना वाटेत पुटपुटली, "माणूस वात आणतो, पण डोळे आहेत त्याला."

हळूहळू पानं तयार झाली. होड्या, दोर, जाळ्याची भोकं, सगळं हुबेहूब. मान्साही आता मान्सासारखी दिसायला लागली, भादरलेलं डोकं, बाहेर आलेले कान. ज्या मंगळवारी शेवटचं पान झालं, त्या दिवशी पापा अतोनं सगळे कागद वाळूवर दगड ठेवून वाळत घातले आणि तो जेवायला गेला. तेवढ्यात मासळीवाल्या तिकडून चालल्या होत्या.

आम्ही शाळा सुटल्यावर पोचलो तेव्हा तिथं वीसेक बायका गोळा झाल्या होत्या आणि मधोमध मामे क्वान्सिमा एका कागदासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. त्या पानावर ती भट्टीवर वाकलेली होती. अंगावर विटकं, भोकं पडलेलं कापड, डोळ्यांत धुरानं पाणी, केस पिंजारलेले.

"टीचर, ही कोण?"

"तुम्हीच," अराबा अभिमानानं म्हणाली. "भट्टीवर. जशा असता तशा."

"जशी असते तशी." क्वान्सिमानं वळून बाकीच्या बायकांकडे पाहिलं. "ऐकलंत? माझ्या पेटीत बारा कापडं आहेत. माझ्या सासऱ्याला पुरलं तेव्हा मी काय नेसले होते ते अख्ख्या अपामला माहीत आहे. आणि पुस्तकात जायची वेळ आली तेव्हा हिनं मला हे फडकं नेसवलं."

"पण भट्टीवर तुम्ही हेच नेसता."

"न्हाणीघरात काही नेसत नाही, तेही काढणार आहेस का?"

बायका हसल्या. अराबाचा चेहरा तापला. "मामे, तुम्हाला कल्पना नाही. या पुस्तकासाठी मी अख्ख्या अक्राशी भांडले. तुमच्यासाठी. हत्ती घालत होते ते, केंते नेसवत होते. मी म्हटलं, नाही, आमच्या बायका जशा आहेत तशाच दिसल्या पाहिजेत."

"माझ्यासाठी अक्रापर्यंत गेलीस," क्वान्सिमा म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "परदेशात फोनवर भांडलीस, तेही ऐकलं. पण मला विचारायला दोन गल्ल्या ओलांडून आली नाहीस."

क्वान्सिमानं कागदाकडे पुन्हा बोट केलं. "आणि तारली अशी ढिगानं टाकतात का जाळीवर? ओळीत लावायची असते, मध्ये धुराला वाट ठेवून. एवढी वर्षं माझा धूर खातेस, एकदा वाकून बघितलं नाहीस."

अराबानं कागद गोळा केले. पुढचे तीन दिवस तिनं मला पुरतं पिडलं. सकाळी म्हणायची, बाई उपकार जाणत नाही. दुपारी म्हणायची, तिला काय कळतं पुस्तकातलं. संध्याकाळी म्हणायची, मी हिच्या कामाला मान मिळवून देतेय आणि हिला कापडाची पडलीय. मी ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी सांगितलं, "डेल्फीननं तुला न विचारता हत्ती घातला, तेव्हा तू किती दिवस जळत होतीस? पंधरा. मी मोजलेत." ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. भिंत अर्धीच असल्यामुळे ते आम्हा दोघींनाही जड गेलं.

पुढच्या शनिवारी ती एकटीच क्वान्सिमाच्या अंगणात गेली. तिथं काय बोलणं झालं ते ती सांगत नाही. एवढं ठाऊक आहे की ती परत आली तेव्हा तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे होते आणि अंगाला धुराचा वास येत होता. क्वान्सिमानं तिला तीन भट्ट्या लावायला बसवलं होतं.

मंगळवारी क्वान्सिमा पापा अतोसमोर बसायला आली. निळं कापड, त्यावर उडत्या पाकोळ्या, नवीन शिवलेलं, गळ्यात मणी, डोक्याला त्याच कापडाचं बांधलेलं फडकं. पापा अतोनं होड्या बाजूला ठेवून तिचं चित्र काढलं, जे त्यानं अराबासाठी नऊ महिन्यांत एकदाही केलं नव्हतं.

"पण भट्टीवर असं नवं कापड कोण नेसतं?" मी अराबाच्या कानात म्हटलं. "खरं दाखवायचं होतं ना तुला?"

"गप्प बस, एकुआ," ती म्हणाली.

तारली मात्र ओळीत लागली, मध्ये धुराला वाट ठेवून.

पुढं छपाई. छापायला पैसे कुठून आणले ते मी विचारलं नाही. केप कोस्टला एका छापखान्यात काम दिलं आणि नमुन्याची पहिली प्रत आली तेव्हा अराबा दारातच खाली बसली. सगळ्यांचे चेहरे फिकट चहासारखे झाले होते. पापा अतोचे सातही तपकिरी रंग एकाच पातेल्यात पडल्यासारखे. यंत्रावरचा माणूस फोनवर म्हणाला, "मॅडम, फार अंधार दिसत होता, म्हणून मी जरा उजळून दिलं. त्याचं वेगळं काही घेतलं नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली आणि पापा अतोला घेऊन केप कोस्टला गेली. पापा अतोनं सोबत करवंट्या नेल्या होत्या. दिवसभर तो यंत्राशेजारी उभा राहून छापलेल्या पानाला करवंटी लावायचा आणि मान हलवायचा, नाही. अजून नाही. संध्याकाळच्या सुमारास यंत्रावरच्या माणसानं हात टेकले आणि म्हणाला, तुम्हीच बटणं दाबा.

पुस्तक निघालं. वर्गात वाटलं, तेव्हा मान्सा चौथीत गेली होती, तिला मुद्दाम बोलावलं. तिनं सगळं पुस्तक वाचलं आणि तोंड फुगवून म्हणाली, "चप्पल हरवल्याचं कशाला सांगितलं? आता सगळे चिडवतील." दुसरीतली मुलं होड्यांवर तुटून पडली. ही आमची, नाही, ही आमची. एकानं आपल्या काकाच्या होडीचं सुकाणू उलट्या बाजूला आहे म्हणून तक्रार केली. एक मुलगी रडली, कारण त्यांची होडी कुठल्याच पानावर नव्हती. अराबा फळ्याला टेकून उभी होती.

पंधरा दिवसांत जिल्ह्याचे तपासनीस आले आणि म्हणाले, पुस्तक चांगलं आहे, पण मान्य यादीत नाही, तेव्हा तासाला वापरता येणार नाही. यादीत जायला काय करावं लागतं? अर्ज. अर्जाबरोबर काय? पुस्तकाचा बोध, अर्ध्या पानात. अराबानं कपाळावर हात मारला. तेव्हापासून मुलं पुस्तक मधल्या सुट्टीत वाचतात, आणि उरलेल्या प्रती क्वान्सिमा मासळीच्या टोपल्यांशेजारी मांडून बसते. गिऱ्हाइकाला आधी आपलं पान दाखवते, मग मासळीचा भाव सांगते.

डेल्फीननं दहा प्रती मागवल्या. महिन्यानं तिचं पत्र आलं. लेकीला पुस्तक फार आवडलं, इतकं की आता ती मान्सासारखं डोकं भादरून दे म्हणून हटून बसली आहे, आणि आन्टी, हे सगळं तुमच्यामुळं. अराबानं ते पत्र मला वाचून दाखवलं, घडी घातली आणि म्हणाली, "कुणाचंच समाधान होत नाही बघ." पण ते तिनं हजेरीपटात जपून ठेवलं. मी नंतर पाहिलं.

गेल्या वर्षी ती निवृत्त झाली. आता ट्रो-ट्रोच्या तळावरची गोष्ट लिहितेय. या वेळी तिनं सगळ्यांना आधीच विचारायचं ठरवलं, आणि तेच तिच्या डोक्याला ताप झालंय. ड्रायव्हर म्हणतो मला काळा चष्मा हवा. गाडीचा मालक म्हणतो गाडी नवी दाखवा. केंके विकणारी म्हणते मला जरा बारीक काढा. परवा मी गेले तर आमचे पाद्री तिच्या ओसरीवर बसले होते.

"मी काही मागत नाही," ते म्हणत होते, "पण तळावर रोज प्रार्थना मी घेतो, हे वास्तव आहे."

"गोष्ट टायर पंक्चर झाल्याची आहे, पाद्रीसाहेब."

"मग प्रार्थनेला जागा आहेच."

ते गेल्यावर अराबानं वही उघडली आणि रागारागानं काहीतरी लिहिलं. मी वाकून पाहिलं. तिनं पाद्रीबाबांना पान अकरावर घातलं होतं, टायरला हवा भरताना.